उसनी मुलगी

"मॅडम, तुमची कांचन दोन दिवसांसाठी देऊन द्या ना," सुचेता म्हणाली, आणि मी "ने" म्हणाले. पोळीचा घास तोंडात होता. स्टाफरूमचा पंखा खडखडत होता, कोपऱ्यात हिंदीच्या बाई उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून झोपल्या होत्या, आणि माझ्यासमोर ही पंचविशीची पोरगी, घर नागपूरचं पण जन्म सगळा भोपाळात गेलेली, माझ्या डब्यातलं लोणचं स्वतःच्या भातावर घेत माझी मुलगी मागत होती. लोणचं मागताना जो आवाज होता तोच. "बीएडची केस आहे ना मॅडम, स्लो लर्नरची. बाकी सगळं होऊन गेलं माझं, फक्त केसच राहिली. मंगळवारी एक्स्टर्नल एक्झामिनर येऊन राहिले. आता मी मूल कुठून आणू? कोणी देतच नाही. सगळ्यांचे पोरं जीनियस आहेत." ती हसली. मीही हसले असेन. "आणि कांचन तर माझ्याच क्लासमधे आहे. युनिट टेस्टमधे सगळ्यात कमी तिलाच आहेत. एकदम फिट बसते." मग माझ्या तोंडाकडे बघून, "सॉरी हं मॅडम. पण तुम्ही टीचर आहात, तुम्ही समजू शकता." समजू शकते. मी घास गिळला, आणि तो खाली गेल्यावर कळलं की खालचा ओठ आपला राहिलेला नाही. दाताचा डॉक्टर सुई देतो तेव्हा होतं तसं. ओठ आहे, हाताला लागतो, पण तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे. सुचेता डबा बंद करता करता म्हणाली, "प्रिन्सिपल मॅडमनी पण सांगितलंय, केस झाली की एक कॉपी दे म्हणून. विशेष वर्गाच्या सिलेक्शनला कामी येईल." हे तिने सगळ्यात शेवटी सांगितलं, आणि सगळ्यात हलक्या आवाजात, आणि मी तरीही "बरं" म्हणाले.

विशेष वर्ग म्हणजे काय ते शाळेत सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. शाळा कारखान्याच्या कॉलनीची. कारखान्याने माणसं कमी केली, क्वार्टरं रिकामी पडली, मुलं घटली, शाळेच्या मागच्या बाजूच्या खोल्यांत कबुतरं राहायला आली. त्यातलीच एक खोली झाडून घेतली आणि तिथे हा वर्ग सुरू केला. कारण सांगितलं ते शास्त्रीय. प्रत्येक मूल आपल्या गतीने शिकतं, असं दारावर रंगीत कागदाची अक्षरं कापून चिकटवलंय. खरं कारण दहावीचा निकाल. जे पोर पुढे जाऊन निकाल खाली ओढेल अशी भीती वाटते त्याला चौथी-पाचवीतच उचलायचं, त्या खोलीत मणी ओवायला बसवायचं, आणि आठवी झाली की बापाच्या हातात टीसी ठेवायची. त्या खोलीतून परत आपल्या वर्गात आलेलं मूल मी पाहिलेलं नाही. तरी मी "ने" म्हणाले. का म्हणाले, ते पुढचे दोन्ही तास फळ्यासमोर उभी राहून मी शोधत होते. सातवीची पोरं क्षेत्रफळाची गणितं करत होती. एकाने विचारलं, "मॅडम, आन्सर सही है?" आणि मी त्याच्या वहीकडे बघायच्या आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं. हे मी नेहमी करते. हेमंत, माझा नवरा, मंडीदीपला एका कारखान्यात आहे, सरळ माणूस, तो विचारतो रात्री भात करायचा की पोळ्या, आणि मी त्याचं तोंड बघत राहते. तो म्हणतो, अगं, माझ्या तोंडावर लिहिलंय का? लिहिलेलं असतं. प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं असतं त्याला काय हवंय ते. मला दुसरं काही वाचता यायच्या आधी ते वाचता यायला लागलं.

मी लहान होते तेव्हा बरखेड्याच्या आमच्या कॉलनीत सगळंच उसनं जायचं. कुकर जायचा, शिलाई मशीन जायचं, गॅसचं सिलिंडर जायचं, दिवाळीत चकलीचा सोऱ्या तर एका घरून निघाला की महिनाभर परत यायचा नाही. पुण्या-मुंबईहून, नागपूर-अमरावतीहून माणसं आली होती, कोणाचा आगापिछा इथे नाही, सगळं एकमेकांवर. आणि बायकांना नोकरी हवी होती, कारण कॉलनीची शाळा वाढत होती आणि कर्मचाऱ्यांच्या बायकांना तिथे आधी घ्यायचे, बीएड असेल तर. तेव्हा ज्या बाईचं मूल शाळेत जाऊ लागलं ती बाई बीएडला बसायची. आणि बीएडला एक केस लागते. मागे पडलेलं मूल शोधा, त्याची बुद्धिमत्ता मोजा, घरची परिस्थिती लिहा, कारणं लिहा, उपाय सुचवा. आता इंजिनियरांच्या बंगल्यांत मागे पडलेलं मूल कुठून मिळणार? असलं तरी देणार कोण? आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, बाबा कारखान्याच्या टूलरूममध्ये कामगार. दुसरीत मला टायफॉइड झाला, शाळा बुडाली, वाचन अडखळायला लागलं. मंगलामावशी, म्हणजे मोठ्या बंगल्यातल्या मंगलाताई, कधी आमच्या दारात न आलेल्या, एका संध्याकाळी आल्या, आमच्या लोखंडी खाटेवर बसल्या आणि आईला म्हणाल्या, "कमल, तुझी सिंधू दे गं जरा दोन दिवस." आईने चादर सुद्धा बदललेली नव्हती. ती इतकी गडबडली की तिने मला लगेच वेणी घालायला घेतली. वेणी घालताना माझे केस इतके ताणले गेले की डोळ्यांच्या कडा वर गेल्या. तशा ताणलेल्या डोळ्यांनी मी मंगलामावशींबरोबर गेले.

त्यांच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. त्यांनी चित्रं काढली पुठ्ठ्यावरची आणि म्हणाल्या, बघ बरं, ह्यात काय राहून गेलंय? बैलगाडी होती आणि एक चाक नव्हतं. मी म्हटलं चाक. कपबशी होती, कपाला कान नव्हता. मी म्हटलं कान. मला मजा येत होती. टायफॉइडनंतर पहिल्यांदा कोणी मला काहीतरी विचारत होतं आणि मला ते येत होतं. मी तिसरं चित्र त्यांनी नीट धरायच्या आत सांगितलं. तेव्हा मंगलामावशींचं तोंड पडलं. अगदी थोडं. तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी विझलं. त्या रागावल्या नाहीत, त्या चांगल्या बाई होत्या. फक्त म्हणाल्या, "सिंधू, घाई नाही हं. नीट विचार कर." मला वाटलं माझं चुकलं. पुढच्या चित्राच्या वेळी मी चित्राकडे बघितलं नाही, त्यांच्याकडे बघितलं. बाहुलीला एक हात नव्हता हे मला दिसलं होतं. मी म्हटलं, बाहुलीला जीभ नाही. आणि मंगलामावशींचा चेहरा असा उजळला की मला आजही तो तसाच दिसतो, कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत. त्यांनी काही लिहिलं, खूप लिहिलं, आणि क्रीमच्या बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. "असू दे बाळ, असू दे. घे." त्यानंतर त्यांनी जे जे विचारलं त्याचं उत्तर मी आधी मनात शोधलं आणि मग त्याच्या शेजारचं दिलं. ते सोपं नसतं. चुकीचं उत्तर द्यायला बरोबर उत्तर आधी माहीत असावं लागतं, आणि ते फार चुकीचं असून चालत नाही, नाहीतर बाईंना संशय येतो. थोडंसं बाजूला. जवळपास. मी त्यात फार हुशार झाले.

पुढे त्यांची बीएडची पुस्तकं मी स्वतः वाचली. बीए घरी बसून केलं, बीए झाल्यावर बीए पुरत नाही असं कळलं, मग बीएड. घंटा वाजवली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. पेटीत कोंडलेली मांजर धडपडत धडपडत एकदा कडी उघडते आणि मग तिला कडी कळते. दाणा मिळाला की कबुतर तिथेच पुन्हा चोच मारतं. ह्याला प्रबलन म्हणतात, आणि प्रबलन तात्काळ असावं. पाठ करून करून मला ती पानं दिसायची डोळे मिटले की. हेच सगळं मंगलामावशींनी आणि त्यांच्यानंतर मला नेणाऱ्या बायांनी पण पाठ केलेलं होतं. प्रबलनावर दहा मार्कांचा प्रश्न सोडवून त्या घरी यायच्या, मला समोर बसवायच्या, आणि एकीच्याही डोक्यात कधी आलं नाही की बशी कधी सरकते ते पोरीला कळतंय. कबुतराला बघायला शिकलेल्या बायका. त्यांना वाटायचं पिंजऱ्याच्या बाहेर आपण आहोत. त्यांचा राग येतो का? यायला हवा. मी रागाला बोलावते, तो येतो, दारात उभा राहतो, चपला काढत नाही, परत जातो. त्या कोणी वाईट नव्हत्या. वाईट बाईला मारता तरी येतं. आणि माझ्या बीएडला मी काय केलं? मी केस बनवली. मूल नव्हतंच. नाव दिलं, बाप दिला, बापाला दारू दिली, पोराला अडखळत वाचायला लावलं, शेवटी उपाय म्हणून प्रेम आणि सराव. परीक्षक म्हणाले, फार जिवंत चित्रण आहे. वर्गात सगळ्यात जास्त मार्क. त्यांच्या सगळ्या मोजमापाची किंमत मला तिथे कळली.

मंगलामावशी पास झाल्या आणि त्यांनी दुसरीला सांगितलं. दुसरीने तिसरीला. तयार केस होती मी, शोधायला नको, आईबाप भांडायला येत नाहीत, मुलगी शांत आहे, बिस्किटावर बसते. दर वर्षी थंडी संपत आली की आमच्या दाराशी कोणीतरी उभी असायची. "कमल, आहे का गं सिंधू?" आणि आई आत हाक मारायची, सिंधू, वेणी घाल. त्या आल्या म्हणून आमच्याकडे चांगले कप आले, खाटेवर गादी आली, संक्रांतीला बंगल्यातल्या बायका आमच्या दोन खोल्यांत मावेनाशा झाल्या. माझ्या मंदपणावर आईचं हळदीकुंकू मोठं झालं. ती पोहे करायची, वर ओलं खोबरं, भोपाळात नारळ मिळायला वणवण करावी लागायची तरी. बाबा कामावरून येऊन मागच्या अंगणात बसून राहायचे, ह्या जाईपर्यंत. एकदा म्हणाले, "कमल, पोरीला काय नाटकात घातलंयस?" आई म्हणाली, "तुमच्या टूलरूमने मला कोणी ओळखत नव्हतं. आता ओळखतात." बाबा परत अंगणात जाऊन बसले. लोखंड मोजून मोजून त्यांना वाटायचं माणसांनाही कोणीतरी बरोबर मोजत असेल. मग ह्याच बायका शाळेत माझ्या बाई झाल्या. मी हात वर केला की त्या दुसरीकडे बघायच्या, मला त्रास होऊ नये म्हणून. मी धडा वाचायला उभी राहिले की वर्गाला डोळ्यांनी गप्प करायच्या, हसू नका, तिचं तसंच आहे. ही दया होती. त्या दयेखाली मी दहा वर्षं बसले. सातवीत असताना एकदा फळ्यावर गणित चुकलेलं मला दिसलं आणि मी बोलले नाही, कारण ते मला दिसायला नको होतं. पुढे पुढे खरंच दिसेनासं झालं. म्हणजे दिसायचं, पण कोणाला तरी दिसतंय असं वाटायचं, मला नव्हे.

शाळा सुटल्यावर मिनीबसमध्ये कांचन माझ्या शेजारी खिडकीपाशी बसली. कोलार रोडपर्यंत ती बाहेर बघते, रोज, एकच रस्ता, आणि रोज काहीतरी नवीन सापडल्यासारखी. नव्या बिल्डिंगांची नावं वाचत होती. वाचत होती, की पाठ होती? मी तिच्याकडे बघत राहिले. नऊ वर्षांची पोर, गुडघ्यावर खरचटलेलं, दप्तराचा पट्टा दाताखाली. ही मंद आहे का? मला माहीत नाही. मी शिक्षिका आहे, मी आई आहे, आणि मला माहीत नाही. युनिट टेस्टचा पेपर तिने अर्धा कोरा ठेवला होता. विचारलं तर म्हणाली, येत होतं, कंटाळा आला. खरंच येत होतं का? मी तिला घरी कधी प्रश्न विचारत नाही. इतरांच्या पोरांना दिवसभर विचारते, तिला नाही. मी प्रश्न विचारला आणि ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली तर? त्या भीतीने मी तिला मोकळी सोडली, आणि मोकळी सोडली म्हणून ती मागे पडली, की मुळातच तिच्यात काही कमी आहे, की माझ्यातलंच काही रक्तातून गेलंय, जे माझ्यात मुळात नव्हतंच? असलं गणित कुठल्या पुस्तकात नाही. तेव्हा बसमध्ये, मॅनिट कॉलेजच्या चौकाच्या आधी, मला कळलं मी "ने" का म्हणाले. मला ऐकायचं होतं. स्वयंपाकघरात उभं राहून, कोणी बघत नसताना, माझी पोर उत्तरं कशी देते ते मला ऐकायचं होतं. त्यासाठी मी तिला पणाला लावली. कांचनने पट्टा तोंडातून काढला आणि म्हणाली, "आई, सुचेता आंटी बोल रही थी संडेला आपल्या घरी येणार. माझ्याशी खेळायला. झूठ बोल रही थी ना?" मी म्हटलं, "का गं?" "बडे लोग खेलते थोडी हैं," ती म्हणाली, आणि पुन्हा खिडकीबाहेर.

आई आता आमच्याकडेच असते. बाबा गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं तेव्हापासून दिवाणावर बसून खिडकीतून कोलार रोडच्या नव्या दुकानांना नावं ठेवते. मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं, पण बिस्किटं कोण आणणार, चहा कोण करणार, हे सगळं घरात सांगावं लागतं. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मग दे की. तू काय मेलीस का त्याने?" मी म्हटलं, "नाही." "तुझ्यावर किती जणी पास झाल्या! मंगलाताई तर शेवटपर्यंत म्हणायच्या, कमल, तुझ्या सिंधूचे उपकार आहेत माझ्यावर." एक मटार उडून दिवाणाखाली गेला. ती वाकून शोधत राहिली. वाकलेलीच म्हणाली, "आणि तू मास्तरीण झालीसच की शेवटी. मंद असतीस तर झाली असतीस का?" म्हणजे तिला माहीत होतं. तिला सगळा वेळ माहीत होतं. मी तिथे उभी होते आणि वाट बघत होते की माझ्यात काही होईल. बाहेर कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं, "आने दो, आने दो" म्हणत. काही झालं नाही. मी खाली बसले आणि दिवाणाखालचा मटार काढून तिच्या हातात दिला.

रविवारी सकाळी सुचेता आली, आंघोळ करून, केसांना क्लिप लावून, हातात प्लास्टिकची पिशवी. घरी आल्यावर ती मला ताई म्हणते. "ताई, तुम्ही आत बसा ना, तुमच्यासमोर ती कॉन्शस होईल." हेमंत पेपर घेऊन गच्चीवर गेला. आईने दिवाणावरची जागा सोडली नाही, म्हणाली, मी काय म्हातारी, मी नसल्यासारखीच. मी कणीक भिजवायला घेतली. दार अर्धं उघडं ठेवलं. कणकेत पाणी जास्त पडलं, मी पीठ घातलं, मग पीठ जास्त झालं. बाहेर सुचेताचा आवाज, गोड केलेला, हिंदी, कारण चाचणी हिंदीतच छापलेली असते. अंक उलटे म्हण. कांचनने म्हटले. आणखी लांब. म्हटले. हरवलेली गोष्ट शोधायची तर आधी कुठे बघशील? "जहाँ आख़िरी बार देखी थी." माझे हात थांबले. पुढचा प्रश्न. पुढचं उत्तर. ती चुटकीसरशी सांगत होती, अगदी कंटाळून, पाय आपटत, खुर्चीच्या दांडीवर तिच्या टाचा वाजत होत्या. मंद नाही. माझी पोर मंद नाही. हे वाक्य मी दोनदा मनात म्हटलं, परक्या भाषेतलं वाक्य म्हणून बघावं तसं. आणि त्याच वेळी मला सुचेताचा आवाज पातळ होत चाललेला ऐकू येत होता. गोडवा तसाच, पण खाली जमीन नाही. बिचारीची केस हातातून चालली होती. परवाच मंगळवार होता. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, पण बघायची गरज नव्हती.

"कैंची और आरी," सुचेता म्हणाली, म्हणजे कात्री आणि करवत. "बताओ बेटा, दोनों किस बात में एक जैसी हैं?"

"दोनों काटती हैं."

"जल्दी नहीं कांचन. आराम से सोचो."

"सोच लिया. दोनों काटती हैं."

"एक बार और सोचो ना बेटा. मेरे लिए."

टाचा वाजायच्या थांबल्या. मी पिठाच्या हातांनी दारात आले. कांचन चाचणीच्या पुठ्ठ्याकडे बघत नव्हती, सुचेताकडेही बघत नव्हती. ती खिडकीबाहेर बघत होती, समोरच्या गॅलरीत कोणीतरी गादी झोडपत होतं तिकडे. मग वैतागून वळली. "आंटी, दोनों काटती हैं! आपको नहीं आता क्या?"

सुचेताचे कान लाल झाले. दिवाणावरून आई म्हणाली, "अगं बाई, बोलते कशी ही!" आणि मी दारात उभी होते, छातीत काहीतरी सैल झालेलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि मला फक्त गप्प राहायचं होतं. एवढंच काम होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून कॉलनी बाहेर आली. "कांचन! मोठ्या माणसांशी असं बोलतात? आंटी सांगते ना, मग नीट विचार कर." माझाच आवाज. रोज वर्गात वापरते तो. कांचनने माझ्याकडे बघितलं. आधी हातांच्या पिठाकडे, मग वर, हनुवटीकडे, तोंडाकडे, आणि तिथे तिचे डोळे थांबले. काहीतरी वाचत. ती नजर मला आतून माहीत होती. बाहेरून मी ती कधी बघितली नव्हती. ती अशी दिसते हे मला माहीत नव्हतं. फार शहाणी दिसते.

"आरी बड़ी है," कांचन हळूच म्हणाली. "कैंची छोटी है."

सुचेताने पेन उघडलं. ती मान खाली घालून लिहायला लागली, तेवढी लाज तिला होती, आणि तिचे खांदे खाली आले. आईने बिस्किटांचा पुडा फोडायला घेतला.

"चूक आहे ते," मी म्हणाले.

कांचन म्हणाली, "कोण म्हणालं?"

"मी म्हणते."

"मग तूच सांग ना."

तिघी माझ्याकडे बघत होत्या. माझे डोळे सवयीने आधी सुचेताकडे गेले, मग आईकडे, आणि दोघींच्या तोंडावर त्यांना काय हवंय ते स्वच्छ लिहिलेलं होतं. मी खाली बघितलं. बोटांना चिकटलेली कणीक वाळायला लागली होती. जीभ जड होती. ओठ नव्हताच. उत्तर मला माहीत होतं, आणि ते घशापर्यंत आलं, आणि त्याच्या शेजारचं दुसरं एक उत्तर त्याच्या पुढे येऊन उभं राहिलं, दोघींनाही लोखंड लागतं, थोडंसं बाजूला, जवळपास. मी ते गिळलं.

"दोन्ही कापतात," मी म्हणाले. आवाज घोगरा निघाला. "तिने तुला तीनदा सांगितलं. ते लिही. हे खोड."

"पण ताई," सुचेताच्या डोळ्यांत पाणी आलं, "मग मी मंगळवारी काय दाखवू? इतकं सगळं झालंय माझं."

"ते मला माहीत नाही."

तिने आईकडे बघितलं. आई बिस्किटांकडे बघत होती. कांचन माझ्या तोंडाकडे बघत होती, अजूनही, डोळा न हलवता, मगाचपासून एकदाही तिने खिडकीबाहेर बघितलं नव्हतं, आणि ते मी केलं होतं, आणि ते आता कोणाला खोडता येणार नव्हतं. मी जागची हलले नाही. पिठाचे हात पुढे धरून, सुचेताच्या खुर्चीशी, ती खोडून पुन्हा लिहीपर्यंत मी उभी राहिले.